दाजींचं पूर्ण मापाचं पिस्तूल

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ग्लेंडाचा नवरा व्हर्लन टॅडलॉक, गेली एकेचाळीस वर्षं डावीकडे कलून चालतात. माझं केस कापायचं दुकान रस्त्यावरच आहे. गावात नवं आलेलं गिऱ्हाईक काचेतून त्यांना जाताना बघतं आणि हळूच विचारतं, "झटका येऊन गेला का हो त्यांना?" मी म्हणते, "नाही हो, उजव्या कमरेला पिस्तूल आहे." पंचेचाळीस कॅलिबरचं, पूर्ण मापाचं. भरलं की तीन पौंडांचं लोखंड. एवढं एका बाजूला लटकवून एकेचाळीस वर्षं हिंडलात तर तुम्हीही वाकडेच व्हाल.

आता आमच्या ड्राय फोर्क गावात पिस्तूल कुणाकडे नाही? माझ्याकडेही आहे, पर्समध्ये, कंगव्याशेजारी. पण ते हल्लीच्या तऱ्हेचं, तळहातात मावणारं. दाजींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा कपाळावर चढवून मला विचारलं, "ट्वायला, हे पिस्तूल आहे की पिस्तुलाचं पिल्लू?"

"दाजी, गोळी लागल्यावर समोरचा माणूस माप विचारत बसत नाही," मी म्हटलं.

"समोरच्याचं सोड गं. धरणाऱ्याला कळतं ना."

हे असं बोलणं. टल्साला राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं दोन नाताळांमागे त्यांना असंच एक छोटं पिस्तूल भेट दिलं. म्हणाली, बाबा, आता वय झालं, हे हलकं आहे. दाजी "छान आहे हो" म्हणाले आणि ते मासेमारीच्या डब्यात गळांच्या खाली टाकून दिलं. तिथंच आहे अजून. गंजलं असेल एव्हाना.

दाजी तीस वर्षं गॅसची गाडी चालवायचे. शेतावरच्या घरांच्या टाक्या भरायच्या, एकटं हिंडायचं, वीस-वीस मैलांत माणूस दिसायचं नाही. नोकरी लागली त्याच आठवड्यात त्यांनी हे पिस्तूल घेतलं. त्या तीस वर्षांत माणसावर ते कधी काढावं लागलं नाही, देवाची कृपा. कुत्रे मात्र अंगावर यायचे. त्यांच्यासाठी दाजी खिशात बिस्किटं ठेवायचे. पुढं पुढं असं झालं, की गाडीचा आवाज आला की अख्ख्या जिल्ह्यातले कुत्रे शेपूट हलवत फाटकाशी उभे.

नाही म्हणायला एकदा काढलं होतं. अंगणात कडब्याच्या गंजीपाशी त्यांना साप दिसला. चांगला जाडजूड, हिरवट, वेटोळं घालून बसलेला. दाजींनी ग्लेंडाला ओरडून घरात जायला सांगितलं, पाय फाकवून उभे राहिले आणि दोन गोळ्या घातल्या. दोन्ही बरोब्बर लागल्या. लोक साप साप म्हणून भुई धोपटतात, आमच्या दाजींनी नळी धोपटली. बागेला पाणी घालायची, नवी कोरी, पन्नास फुटी. पिस्तुलाच्या नळीनं पाण्याची नळी मारली, म्हणून मी ही गोष्ट दुकानात वर्षभर सांगत होते. दाजी माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मग केस वाढले, आणि आले.

आता त्या दाराचं सांगते, कारण सगळं रामायण दारावरूनच झालं.

आमच्या चर्चच्या दोन दारांपैकी उजवीकडचं दार दाजींचं. सव्वीस वर्षं. चर्चला राखणदार आहेत नऊ, सगळे साठीच्या पुढचे, आणि नऊ जणांत मिळून धड गुडघे सातच. रविवारी ते दारांशी, गाड्यांपाशी उभे राहतात, कमरेला आपापलं पिस्तूल. दाजींच्या दारावर 'ओढा' अशी पितळी पाटी आहे. पण ते दार दुसऱ्या कुणी ओढलेलं मी पाहिलं नाही. दाजी स्वतः ओढून धरतात आणि उन्हाळ्यात म्हणतात, "या या, आत गार आहे." हिवाळ्यात म्हणतात, "या या, कॉफी तयार आहे." लग्न होऊन आलेल्या पोरी, काठी टेकत येणारे म्हातारे, रुसून गेलेले आणि वर्षानं परत आलेले, सगळ्यांना तेच वाक्य, तोच हात.

दाजींच्या आयुष्यातून एकेक गोष्ट निघून गेली होती. नजर मंदावली तेव्हा गाडी गेली. पित्ताशय काढलं तेव्हा झाडावरच्या मचाणावर चढून हरणाची शिकार करणं गेलं. घराच्या छपरावर चढायची शिडी ग्लेंडानं परस्पर शेजाऱ्याला देऊन टाकली. राहिलं होतं ते एक दार.

पित्ताशयाबरोबर दाजींचं चाळीस पौंड वजनही गेलं. पिस्तूल तेवढंच, कंबर निम्मी. एका रविवारी सगळे गायला उभे राहिलो आणि दाजींची पँट, पिस्तुलासकट, निघाली खाली. पण माणूस पक्का. एक हात गीताच्या पुस्तकावर, दुसऱ्या हाताचं कोपर पिस्तुलावर दाबलेलं, चारही कडवी पूर्ण म्हटली. शेवटच्या कडव्याला तर आवाज जरा चढाच होता. ग्लेंडानं खांद्यावरून घ्यायचे पट्टे आणून दिले. ते म्हणाले, "हा घोड्याचा साज मी घालणार नाही." त्याऐवजी पट्ट्याला खिळ्यानं तीन भोकं जास्तीची पाडली.

कमरेचं असं निभावलं. हातांचं काय करणार?

बोटं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. मी केस कापताना बघायची, खुर्चीच्या हाताला धरून उठताना तोंड कसं व्हायचं ते. पण विचारायची सोय नव्हती. "कसे आहेत हात?" म्हटलं की, "जोडलेले आहेत," एवढंच.

मग गेल्या वसंतात एकदा सकाळी साडेसहाला मी अंडी मागायला त्यांच्याकडे गेले. मागच्या जाळीच्या दारातून स्वयंपाकघर दिसतं. बघते तर दाजी टेबलाशी उभे, हात मागे बांधून, मास्तरांपुढे उभं राहिल्यासारखे. टेबलावर तीन वस्तू ओळीनं मांडलेल्या. सांधेदुखीच्या गोळ्यांची बाटली, काकडीच्या लोणच्याची बरणी आणि पंचेचाळीसचं पिस्तूल, तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे. ग्लेंडानं पिठाचे हात ॲप्रनला पुसले. बाटलीचं झाकण उघडलं. बरणीचं उघडलं. मग पिस्तूल उचललं, बादलीकडे रोखलं, वरचा पोलादी भाग डाव्या हातानं धरला आणि खट्-खटाक! गोळी वर चढली. चाप अडकवायची कळ लावली आणि पिस्तूल त्यांच्या हातात दिलं.

"आभारी आहे, ग्लेंडा," दाजी म्हणाले आणि ते म्यानात घातलं.

तो वरचा भाग मागे खेचून सोडल्याशिवाय पिस्तुलात गोळी चढत नाही. आत स्प्रिंग असते, आणि पूर्ण मापाच्या पिस्तुलाची स्प्रिंगही पूर्ण मापाची. दाजींच्या बोटांना ती आता दाद देत नव्हती. आणि घरात रात्री भरलेलं पिस्तूल ठेवायचं नाही हा ग्लेंडाचा नियम, त्यामुळे रात्री रिकामं करायला तीच आणि सकाळी भरायला तीच. सांध्यांच्या गोळ्या आणि पंचेचाळीसच्या गोळ्या, दोन्ही ग्लेंडाच्या हातच्या.

मी दार ढकलून आत गेले. "ग्लेंडा, हे काय?"

"काय काय? बाटली उघडली, बरणी उघडली, पिस्तूल चढवलं. आता बिस्किटं भाजते. खाणार का?"

दाजी बिटासारखे लाल झाले. "ट्वायला, तू काही पाहिलं नाहीस."

"नाही दाजी. फक्त ऐकलं."

"ही बाहेर बोलली तर?" ते ग्लेंडाला म्हणाले. मी तिथंच उभी असताना! 

"नाही बोलणार," ग्लेंडा म्हणाली, "बोलली तर हिनं सांगितलेल्या तुझ्या नळीच्या गोष्टीसारख्या हिच्याही पंधरा गोष्टी आहेत माझ्याकडे."

आहेत. म्हणून मी गप्प बसले. माझ्या जिभेला हाड नाही हे गावाला ठाऊक आहे, गावातली निम्मी गुपितं माझ्या बेसिनमध्ये धुतली जातात. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ माझ्या दाजींची होती. सहा महिने पोटात ठेवलं. वजन वाढलं माझं.

मग आला कोल्बी.

कोल्बी स्ट्राउड, शेरीफकडे नोकरीला, वय एकतीस. त्याचे पहिले केस मी कापले, तेव्हा तो माझ्या अंगठ्याला चावला होता. यंदा राखणदारांचं प्रमुखपण त्याच्याकडे आलं. पोरगा चांगला, पण नियमाचा भारी सोस. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर त्यानं नऊही जणांना मागच्या हॉलमध्ये बसवलं आणि कागद वाचला. तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी चाचणी. प्रत्येकानं आपलं पिस्तूल स्वतःच्या हातानं भरायचं, स्वतःच्या हातानं रिकामं करायचं आणि पंचवीसपैकी वीस गोळ्या कागदावर लावायच्या.

"स्वतःच्या हातानं," कोल्बी पुन्हा म्हणाला, "आणि ज्याला जमणार नाही त्यानं वाईट वाटून घेऊ नये. त्यानं डोनटच्या टेबलावर सेवा करावी."

"टेबल लांब आहे, जागा भरपूर आहे," डॉयल पकेट मागून आनंदानं म्हणाला.

डॉयल डोनटच्या टेबलावर का आहे ते सांगितलंच पाहिजे. तोही एके काळी राखणदार होता, डाव्या दाराचा. दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावर पेट्रोल भरायला थांबला, संडासात गेला, पिस्तूल काढून कागदाच्या गुंडाळीच्या पेटीवर ठेवलं. उरकलं, हात स्वच्छ धुतले, निघाला. अकरा मैल गेल्यावर कंबर हलकी वाटली. परत येईपर्यंत काउंटरवरच्या मुलीनं ते हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात नीट ठेवलं होतं, एक तान्ह्या पोराचा बूट आणि दोन चष्मे यांच्याबरोबर. वर तिनं त्याच्याकडून खूण विचारून घेतली, हे तुमचंच कशावरून म्हणून. तेव्हापासून डॉयल फुलाफुलांचा ॲप्रन बांधून लोकांना विचारतो, साखरेचा की चॉकलेटचा?

दाजी त्या ॲप्रनकडे बघत होते.

पुढचे तीन आठवडे नाचता येईना अंगण वाकडं. आधी तेल खराब निघालं. मग स्प्रिंग. मग हवा दमट. पिळायला रबरी चेंडू आणला, तो दोन दिवसांनी कुत्र्यानं नेला आणि दाजींनी त्याला अडवलंही नाही. मग कुणीतरी सांगितलं, की पिस्तुलाची वरची कड पट्ट्याला अडकवून खाली रेटलं तर एका हातानंही काम होतं. दाजींनी रिकामं पिस्तूल घेऊन शेडमध्ये करून पाहिलं. रेटलं जोरात. पिस्तूल जिथल्या तिथं, पँट घोट्यापाशी. ग्लेंडा खिडकीतून म्हणाली, "व्हर्लन, शेजारी बघतायत."

युक्ती तर घरातच होती. ग्लेंडाचे हात काही दाजींपेक्षा दणकट नव्हेत. ती वरचा भाग ओढतच नव्हती. तो छातीजवळ नुसता घट्ट धरायचा, हलवायचाच नाही, आणि दुसऱ्या हातानं पिस्तूलच पुढं ढकलायचं. तिनं तसं सांगितलंही, माझ्यासमोर.

"ओढायचं नाही रे. ढकलायचं. बुक्की मारल्यासारखं."

"बायका करतात तसं," दाजी म्हणाले.

"मी बाईच आहे."

"तेच म्हणतोय मी."

"बरं," ग्लेंडा म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हटलं मी मनात. पण दाजींपेक्षा मला नवल ग्लेंडाचं वाटलं.

ते का, ते चाचणीच्या आदल्या दिवशी कळलं. ती केस कापायला आली होती. ओले केस पुढं घेऊन बसली होती, तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे बोलली असावी.

"ट्वायला, मी त्याला नीट शिकवलंच नाही."

"अगं, तोच नको म्हणाला ना?"

"एकदा नको म्हणाला आणि मी लगेच बरं म्हटलं. एकावन्न वर्षांच्या संसारात मी इतक्या लवकर बरं कधी म्हटलंय?"

ते खरंच होतं. मी कात्री थांबवली.

"तो पाचला उठतो," ती म्हणाली. "कॉफी स्वतः करतो. अंडी स्वतः उकडतो. मग ओसरीवर, ते पक्षी आणि रेडिओ. जेवणावर हूं की चूं नाही. मुलं लांब. दिवसभरात एकदा, सकाळी, तो माझ्यापुढं ते पिस्तूल ठेवतो आणि उभा राहतो. लग्नाआधी आपल्या घरी यायचा ना हातात टोपी धरून, तसा. आणि आभारी आहे म्हणतो. पन्नास वर्षांत म्हणाला नव्हता गं, मागच्या वर्षापासून रोज म्हणतो. त्याला जमायला लागलं की मी काय, नुसती बरण्यांची झाकणं उघडू?"

"मग नको शिकवूस."

"आणि त्याचं दार?"

हसावं की रडावं, मला कळेना. हातातली कात्री मात्र चालू झाली होती, आणि ग्लेंडाच्या कपाळावरचे केस पुढचे दोन महिने मांजरानं कुरतडल्यासारखे होते, त्याचं कारण हे.

शनिवारी सकाळी स्ट्राउडांच्या कुरणात जमलो. पलीकडे मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं नऊ कागद खांबांना लावलेले. नऊ राखणदार, आवाज लागू नये म्हणून कानांवर टोप्या चढवून, ओळीत उभे. मागं पिकानच्या झाडाखाली घडीच्या खुर्च्यांवर बायका, हातात कॉफी. डॉयल ॲप्रन बांधून डोनटचं टेबल थेट कुरणात घेऊन आला होता. चेहरा असा, जसं काही त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत.

दाजी उजवीकडून तिसरे. पट्टा चौथ्या भोकावर. त्या दिवशी ते कललेले नव्हते, सरळ उभे होते, आणि तसे ते मला अनोळखी वाटले.

"तोंडं बांधाकडे!" कोल्बी ओरडला. "गोळ्यांचं मॅगझीन बसवा! गोळी चढवा!"

चार जणांनी खाड्‌खाड् चढवल्या. उरलेल्या पाच जणांच्या माना एकदम मागं वळल्या. पिस्तुलं तश्शी बांधाकडे, शिस्त म्हणजे शिस्त. पण माना मागं, पिकानच्या झाडाकडे. आणि झाडाखाली पाच बायका खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या. एकीनं तर कॉफी खाली ठेवून हात स्कर्टला पुसायलाही सुरुवात केली होती.

अगं बाई! मी तोंडावर हात दाबला. सहा महिने मी ज्या एका गुपितापायी जाडी झाले, ते पाच घरांत होतं! आणि ड्राय फोर्कची राखण म्हणे हे नऊ जण करतात.

"माना समोर!" कोल्बी किंचाळला. मग त्याला कळलं. तो चालत आला आणि ओळीतल्या पाचव्या माणसापुढं थांबला. "बाबा? तुम्हीसुद्धा?"

"तुझी आई मदत करते जरा," स्ट्राउड पुटपुटला.

"कोल्बी, वडिलांशी त्या आवाजात बोलायचं नाही!" त्याची आई झाडाखालून म्हणाली.

"हो, मॅम," कोल्बी म्हणाला. कान तांबडे झाले होते. पण नियम तो नियम. "स्वतःच्या हातानं असं मी स्पष्ट म्हणालो होतो. ज्यांना जमत नाही त्यांनी पिस्तूल समोरच्या टेबलावर ठेवा आणि मागं या."

एक पिस्तूल खाली ठेवलं गेलं. दुसरं. दाजींनी ठेवलं नाही. त्यांनी वरचा भाग पकडला आणि ओढला. बोटं घसरली. पुन्हा पकडला, दात आवळून ओढला. अर्धं आलं आणि सुटलं, आणि अंगठ्याची साल निघाली. पाठमोरे होते तरी मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती.

"मिस्टर व्हर्लन," कोल्बी हलकेच म्हणाला, "राहू द्या. सव्वीस वर्षं केलंत, सर. पुष्कळ झालं."

डॉयलनं जादाचा ॲप्रन काढला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो परत ठेवला.

मग मी ग्लेंडाकडे वळले. ती उभी होती. दोन्ही हातांत पर्स घट्ट धरलेली. सकाळचं ते 'आभारी आहे' हा तिचा घास होता, तो सोडायचा की नाही हे तिनंच ठरवायचं होतं.

"व्हर्लन टॅडलॉक!" ती अशी ओरडली की कुंपणापलीकडच्या गाईंनी माना वर केल्या. "ओढू नकोस! ढकल!"

"ग्लेंडा, गप्प बस," दाजी समोर बघूनच म्हणाले.

"नाही बसत! छातीशी धर, वरचा हात हलवू नकोस, आणि बुक्की मार! आपल्या लग्नात माझ्या रॉयला मारली होतीस तशी!"

रॉय म्हणजे आमचा भाऊ. त्याचा पुढचा दात अजून खोटा आहे.

दाजींनी पिस्तूल छातीशी आणलं, डावा पंजा वर घट्ट बसवला आणि उजव्या हातानं बांधाच्या दिशेनं अशी बुक्की मारली, की रॉय तिथं असता तर दुसराही दात गेला असता.

खट्-खटाक!

मग दाजींच्या शेजारच्यानं टेबलावरचं पिस्तूल पुन्हा उचललं. खट्-खटाक. मग तिसऱ्यानं. मग चौथ्यानं. कोल्बीच्या बापाचं पहिल्यांदा हुकलं, तेव्हा त्याची बायको ओरडली, "ढकल, मेल्या, ढकल!" आणि मग तेही झालं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या, कोल्बी "शांत, शांत, पिस्तुलं भरलेली आहेत!" म्हणून दोन्ही हात वर करून नाचत होता.

दाजींच्या पंचवीसपैकी बावीस लागल्या. कोल्बीच्या बापाच्या एकोणीस. कोल्बीनं तीनदा मोजल्या, घाम पुसला, चौथ्यांदा मोजल्या. एकोणीसच. "साखरेचा की चॉकलेटचा, ते विचारायचं, बाकी काही अवघड नाही," डॉयल कोल्बीच्या बापाला ॲप्रन बांधता बांधता समजावत होता.

दाजी आमच्याकडे आले. अंगठ्याला रुमाल गुंडाळला होता, चेहरा फुलला होता. "बायकांची पद्धत वाईट नाही," ते म्हणाले. एवढंच. ग्लेंडा म्हणाली, "बरं." परतताना गाडीत ती सारखी खिडकीबाहेर बघत होती. दाजी मात्र बोलायचे थांबेनात, बावीसपैकी कुठली गोळी कुठं लागली ते घर येईपर्यंत सांगत होते. मला त्या माणसाच्या टाळक्यात एक द्यावीशी वाटली.

रविवारी दार ओढून धरून ते उभे होते, नेहमीसारखे डावीकडे कललेले. "या या, आत गार आहे." मी कानात म्हटलं, "दाजी, कालच्याबद्दल बायकोचे आभार मानलेत का?" ते म्हणाले, "कशाचे?" मी आत जाऊन बसले. गाणं म्हणायचीही इच्छा झाली नाही.

सोमवारी सकाळी मी ग्लेंडाचं केकचं भांडं परत द्यायला गेले. साडेसहाच वाजले होते. गाडीतून उतरते तो मागच्या शेडमधून आवाज, खट्-खटाक. पुन्हा खट्-खटाक. सहा वेळा झाला, एकदाही अडखळला नाही. मग दाजी शेडमधून बाहेर आले. मला त्यांनी पाहिलं नाही. दाराशी थांबले, शर्ट नीट खोचला, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि स्वयंपाकघरात गेले.

मी जाळीच्या दाराशी पोचले तेव्हा टेबलावर गोळ्यांची बाटली होती, लोणच्याची बरणी होती, आणि दाजी तिसरी वस्तू त्यांच्या शेजारी ठेवत होते, तोंड वाळूच्या बादलीकडे.

"हे काय?" ग्लेंडा म्हणाली. "आता येतं की तुला."

"आज हात धरलाय. नाही जमत."

"ढकलून बघितलंस?"

"बघितलं ना. नाही होत."

शेड त्या खिडकीपासून वीस पावलांवर आहे. खिडकी उघडी होती. आणि माझ्या बहिणीचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पिठाचे हात ॲप्रनला पुसले, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"आण इकडे," ती म्हणाली. "तुझ्यानं मेलं एक काम होत नाही."

खट्-खटाक.

"आभारी आहे, ग्लेंडा," दाजी म्हणाले.

मी केकचं भांडं पायरीवर ठेवलं आणि आवाज न करता गाडीत जाऊन बसले. दुकान उघडायला त्या दिवशी मला उशीर झाला.